भाड्याची खोली आणि कमी पगाराची मुंबई

परळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात काम करणारे दोन वॉर्डबॉय डोळ्यांसमोर आणा. दोघांच्या हातात महिन्याला तीस हजार रुपये पडतात असे धरू. पहिला लालबागच्या जुन्या चाळीत, आजोबांच्या नावावर असलेल्या पागडीच्या खोलीत राहतो. त्याचे भाडे काही शे रुपये. दुसरा चार वर्षांपूर्वी कोकणातून आला. तेवढीच खोली त्याने ‘लिव्ह अँड लायसन्स’वर घेतली आहे. पंधरा हजार भाडे, वर डिपॉझिट, आणि अकरा महिने संपले की नवा करार किंवा नवी खोली आणि पुन्हा दलाली. पहिला भिशी भरतो, मुलीला क्लास लावतो, गणपतीला गावी जातो. दुसऱ्याला पंचवीस तारखेपासून उसनवारी करावी लागते. दोघांचे काम एक, रजा तेवढ्याच, महागाई भत्ताही तोच. तरी एकाला मुंबई परवडते, दुसऱ्याला परवडत नाही. ‘एवढ्याशा पगारात लोक मुंबईत राहतात तरी कसे’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच पगाराच्या चिठ्ठीत सापडत नाही, ते खोलीच्या भाडेपावतीवर असते. कमी पगाराची माणसे या बेटावर टिकली ती स्वस्त भाड्याच्या घरांमुळे. त्या घरांचा साठा आपण गेली काही दशके संपवत आणलेला आहे आणि त्याच्या जागी नवा साठा उभा केलेला नाही.

सात बेटे जोडून झालेल्या या शहरात जमीन मोजकीच. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या या पट्ट्याचे क्षेत्रफळ जेमतेम सत्तर चौरस किलोमीटर. इथे मजूर हवे असतील तर त्यांच्या डोक्यावरच्या छपराची तजवीक कोणीतरी करावी लागणार, हे सत्ताधाऱ्यांना १८९६ च्या प्लेगने शिकवले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे दोनशे सात चाळी उभ्या केल्या. त्याच आजच्या बीडीडी चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, आणि एक खोली एकशे साठ चौरस फुटांची. एवढ्या जागेत एका कोपऱ्यात मोरी, भिंतीला फळ्या, वर जमेल तेवढा पोटमाळा, खाटेखाली ट्रंका. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. रात्री अर्धे घर आत झोपे, अर्धे बाहेर व्हरांड्यात. ही जागा सुखाची होती असे कोणी म्हणणार नाही. पण भाडे पगारातून भागत असे, आणि गिरणीचा भोंगा झाला की कामगार चालत खात्यात पोचत असे.

खोली स्वस्त असली तरी एकट्या कामगाराला ती पेलत नसे, तेव्हा ती वाटून घेतली जाई. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या एकेका गावाची मंडळी गिरणगावात एखादी खोली धरून राहत. या गावकरी मंडळाच्या खोलीत रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन ज्या जागी अंग टाकी, तिथून दिवसपाळीचा नुकताच उठून गेलेला असे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. ती वहीत खाडे मांडून ठेवी आणि हिशोब पगाराच्या तारखेला होई. या खानावळवाल्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गोव्याहून आगबोटींवर नोकरीसाठी येणाऱ्यांनी हेच काम ‘कूड’ काढून केले. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास अशी गावागावांची कुडे होती, काही अजूनही आहेत. सभासदाला ट्रंक ठेवायला जागा, झोपायला कोपरा आणि समोर गावच्या संताची वेदी, हे सारे किरकोळ वर्गणीत. या सगळ्या व्यवस्थांमागे एक समान गोष्ट होती: नव्याने आलेल्या, हातात दमडी नसलेल्या माणसाला शहरात पहिले पाऊल ठेवायला भाड्याची स्वस्त जागा मिळे.

पगाराला जोड देणाऱ्या बाकीच्या गोष्टी आजही बऱ्यापैकी शाबूत आहेत. लोकलचे किमान तिकीट पाच रुपये आहे, आणि दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास काही शे रुपयांत निघतो. १९२६ पासून चालू असलेले केईएम आणि पालिकेची इतर रुग्णालये नसती तर एका शस्त्रक्रियेत अनेक घरे बसली असती. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचवरून दहा रुपये झाले, तरी रिक्षा-टॅक्सीपुढे ते कमीच. ही सार्वजनिक सोयींची शिदोरी मोठी आहे. पण घरभाड्याने निम्मा पगार गिळला की पास आणि केसपेपरवर वाचलेले पैसे कुठल्या कुठे जातात. म्हणून सारा प्रश्न शेवटी खोलीपाशी येऊन थांबतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. स्वस्त भाड्यानेच तर जुनी मुंबई मोडकळीस आली! १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. पन्नास वर्षे महागाई वाढत राहिली, भाडे तिथेच राहिले. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे हा वेडेपणाच ठरला. १९६९ मध्ये सरकारला अशा इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ भाडेच नगण्य असल्यावर त्याचे चार टक्के ते किती? ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली, जुलै २०१९ मध्ये डोंगरीतही इमारत कोसळून माणसे गेली. या धोरणाचे समर्थन करता येत नाही. मात्र त्यातून निघणारा धडा नीट वाचला पाहिजे. स्वस्त घरांचा बोजा खासगी मालकाच्या डोक्यावर टाकून सरकार मोकळे झाले, ही त्यातली चूक. स्वस्त भाडे ही सार्वजनिक गरज असेल तर तिचा खर्चही सार्वजनिक हवा. बीडीडीच्या चाळी सरकारच्या मालकीच्या होत्या आणि शंभरीला टेकेपर्यंत उभ्या राहिल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपण मात्र वेगळीच वाट धरली. भाड्याच्या घराच्या जागी मालकीचे घर द्यायचे, आणि तेही आधीच आत असलेल्याला. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना याच तत्त्वावर चालते. बीडीडीतल्या एकशे साठ फुटांच्या रहिवाशाला पाचशे फुटांचे घर मिळते आहे, वरळीत चाव्याही दिल्या गेल्या. तीन पिढ्या मोरीत अंघोळ केलेल्या कुटुंबाला स्वतःचे न्हाणीघर मिळाले, याचा आनंदच व्हायला हवा. पण शहराच्या हिशोबात यातून काय झाले? जिथे हजारो भाड्याच्या खोल्या होत्या तिथे हजारो मालकीची घरे झाली. ती बाजारात येतील तेव्हा बाजारभावानेच येतील. कोकणातून उद्या येणाऱ्या वॉर्डबॉयसाठी त्यात एकही खोली नाही. शिवाय लिफ्ट, पंप आणि पहारेकऱ्याच्या टॉवरमध्ये मेंटेनन्स येतो. ज्याचे भाडे शेकड्यांत होते त्याचा मासिक खर्च हजारांत गेला, की काही वर्षांत तो घर विकून किंवा भाड्याने देऊन डोंबिवली-विरारकडे निघतो. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे याच बेटाची, लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. टॉवर वाढत असताना माणसे कमी झाली.

भाड्याच्या सरकारी घरांचा एक प्रयोग २००८ मध्ये एमएमआरडीएने हाती घेतला होता. एकशे साठ फुटांची घरे बांधून ती नाममात्र भाड्याने द्यायची, अशी ती योजना. ती तिच्या हेतूसह टिकली नाही. पनवेलजवळच्या कोन इथे या योजनेत बांधलेली घरे २०१६ मध्ये गिरणी कामगारांच्या सोडतीत मालकीने देण्यात आली. गिरणी कामगारांचा हक्क निर्विवाद होता. पण एका गरजूचा हक्क भागवताना दुसऱ्या गरजूसाठी ठेवलेले घर गेले, आणि परळ-लालबागच्या कामगाराला ते मिळाले पनवेलला.

‘परवडत नसेल तर लांब राहा’ हा दुसरा आक्षेप. लोक राहतातच. कसारा, बदलापूर, विरारहून रोज येतात. पण त्याची किंमत पासावर छापलेली नसते. दिवसाचे चार तास गाडीत जातात. उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जीव गमावतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांतून माणसे खाली पडली, तेव्हा दोन दिवस हळहळ झाली आणि तिसऱ्या दिवशी गाड्या तशाच भरून धावल्या. दुसरे असे की काही कामे लांब राहून होतच नाहीत. पहाटे पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला, पहिली बस काढणारा चालक, रात्रपाळीची आया, झाडूवाला यांना कामाच्या जवळच राहावे लागते. पालिका सफाई कामगारांसाठी वसाहती बांधते, पोलिसांना सरकारी खोल्या मिळतात, ते याचसाठी. म्हणजे शहराने हे तत्त्व मान्य केलेलेच आहे. खासगी ठेकेदाराकडे राबणाऱ्या, दुकानात उभ्या असलेल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या माणसांपर्यंत ते पोचवलेले नाही, एवढेच.

‘पगार वाढवा, घराचे आपोआप सुटेल’ असेही सांगितले जाते. पगार वाढलेच पाहिजेत. पण घरे तेवढीच राहिली आणि सगळ्यांच्या हातात दोन हजार जास्त आले, तर पुढच्या करारात भाडे दोन हजारांनी वाढते. वाढ कामगाराच्या खिशातून घरमालकाच्या खिशात जाते.

राहिला पैशांचा आणि जमिनीचा प्रश्न. बंद पडलेल्या गिरण्यांची जमीन हे त्याचे उत्तर होते. १९९१ च्या नियमाप्रमाणे एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळायची होती. २००१ मध्ये हा वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता मोजायचे ठरले आणि म्हाडाच्या पदरात थोडकेच पडले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. इतर बेटशहरांनी वेगळे केले. सिंगापूरने १९६० पासून सरकारी मंडळामार्फत घरे बांधली आणि ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने देताना जमीन स्वतःकडे ठेवली. हाँगकाँगमध्ये १९५३ च्या शेक किप मेईच्या आगीनंतर सुरू झालेल्या सरकारी भाड्याच्या घरांत आज जवळपास तीस टक्के लोक राहतात. त्याच शहरात ही घरे न मिळालेले लोक खोलीच्या चिरफळ्या करून राहतात. सरकारी भाड्याची घरे किती कामाची असतात आणि ती कमी पडली तर काय होते, ही दोन्ही टोके तिथे एकाच शहरात दिसतात.

मुंबईत सरकारी जमिनी अजून आहेत. बंदराच्या, रेल्वेच्या, म्हाडाच्या. प्रत्येक पुनर्विकासात विक्रीसाठी जादा चटईक्षेत्रही मिळते. त्यातला ठरावीक वाटा कायम सार्वजनिक मालकीच्या, पगाराशी भाडे जोडलेल्या आणि कधीही विकता न येणाऱ्या घरांसाठी राखून ठेवावा, एवढीच मागणी आहे. ते भाडे काही शे रुपये नसावे, दुरुस्ती भागेल आणि पगाराच्या पाव हिश्शात बसेल इतके असावे. घरे नोकरीपुरती, गरजेपुरती द्यावीत. पुनर्विकासाची पुढची घोषणा झाली की ‘किती जणांना मालकीचे घर मिळणार’ हे तर विचाराच, पण त्याच वेळी ‘भाड्याची किती घरे राहणार’ हेही आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला विचारा. हा प्रश्न आजवर कोणी मोठ्याने विचारलेला नाही, म्हणून त्याचे उत्तरही कोणत्या आराखड्यात नाही.