केळीचे खोड, गंधक आणि उद्याची बॅटरी

रावेर-यावलकडे केळीचा घड उतरला की खोड आडवे होते. घड ट्रकमध्ये चढतो, खोड बांधावर सडते. हे घड खांद्यावर वाहणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतील माणसेही पुष्कळ आहेत. त्या टाकाऊ खोडाचा बॅटरीशी काय संबंध, असे कोणी विचारील; म्हणून हा लेखप्रपंच.

मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीच्या धन टोकाला बहुधा कोबाल्टसारखा महाग धातू लागतो. त्याऐवजी गंधक वापरावे, अशी शास्त्रज्ञांची खटपट आहे. गंधक म्हणजे फटाक्यातले तेच पिवळे गंधक! मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत ते तेलातून वेगळे काढतात, त्यामुळे स्वस्त. आता हिशेब पाहा. एक ग्रॅम गंधक तत्त्वतः १६७५ मिलिअँपिअर-तास वीज धरते, तर कोबाल्टचे संयुग सुमारे २७४. म्हणजे सहापट! अर्थात पुऱ्या बॅटरीत एवढा फरक उरत नाही.

मग अडले कोठे? एक तर गंधकातून वीज वाहत नाही. दुसरी खोट मोठी. बॅटरी चालू असताना गंधक आणि लिथियमची संयुगे आतल्या द्रवात विरघळतात व दुसऱ्या टोकाला जाऊन पोचतात. आम्हा कारकुनांच्या भाषेत, जमा भरपूर पण तिजोरीला भोक. शिवाय वीज देताना गंधक सुमारे ८० टक्के फुगते.

येथे सच्छिद्र कोळसा कामी येतो. २००९ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर व सहकाऱ्यांनी वितळलेले गंधक कार्बनच्या तीन-चार नॅनोमीटरच्या फटींत मुरवले. केसाच्या जाडीचा सुमारे वीस हजारावा हिस्सा, एवढी ती फट! कार्बन वीज वाहतो, गंधकाला धरून ठेवतो आणि फुगायला जागाही देतो. गळती कमी झाली, पण पूर्ण थांबलेली नाही. म्हणून ही बॅटरी अजून आपल्या दुकानात आलेली नाही.

असा कोळसा पालापाचोळ्यापासूनही होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने २०१३ साली वाळलेली पाने हवेविना भाजून असा कार्बन केला. एका ग्रॅमच्या छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे १२३० चौरस मीटर भरला! तो त्यांनी गंधकासाठी नव्हे, वीज झटपट साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी वापरला. २०१४ साली कॅनडातच अल्बर्टा विद्यापीठात केळीच्या सालीपासून सोडियम व लिथियम बॅटरीचा कार्बन झाला. केळीत पोटॅशियम भरपूर असते, आणि पोटॅशियमची संयुगे तापल्यावर कार्बनला छिद्रे पाडतात.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीजही त्यांच्याच खात्यात होती. वीज मुबलक आणि स्वस्त हवी, हा त्यांचा आग्रह होता.

खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. शंभर किलो खोड वाळवले तर दहा किलोही उरत नाही. कोळसा त्याहून कमी. तोडण्या-वाळवण्याचे काम कोणाच्या वाट्याला येईल, ते सांगायला नको. भट्टीचे तापमान सांभाळणारा आणि प्रयोगशाळेत छिद्रे मोजणारी आपल्या घरातून निघणार का? जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात रसायनशास्त्र आहे, रासायनिक तंत्रज्ञानही आहे. धुळे रस्त्यावर, बांभोरीजवळ.