ज्याला काम करायचे, त्याला विचारले काय?

घरात नवा ओटा बांधायचा असला की घरधनी गवंड्याशी बोलतो. फरशी ठरते, भाव ठरतो, चार दिवसांत ओटा उभा राहतो. आणि मग कळते की घरच्या बाईला त्यावर भाकरी थापताच येत नाही, कारण उंची धरली ती घरधन्याच्या मापाने! गवंड्याला दोष द्यावा तर त्याने सांगितले तेवढे चोख केले. जिला दोन्ही वेळा तिथे उभे राहायचे होते, तिला कोणी विचारलेच नव्हते.

कॉम्प्युटरच्या धंद्यात हेच घडते, फक्त खर्च लाखा-कोटींचा असतो. आज आपल्या कितीतरी घरांतील मुले-मुली या क्षेत्रात शिकत आहेत, काही नोकरीला लागली आहेत. आई-बापांना वाटते, पोरगा दिवसभर बटणे दाबतो. परंतु पालकांनो, बटणे दाबण्याच्या आधी एक मोठे काम असते. कोणाला काय हवे ते विचारून घेणे, ते नेमक्या शब्दांत कागदावर उतरवणे, ज्यांनी सांगितले त्यांच्याकडून तपासून घेणे, आणि पुढे मागणी बदलली तर त्या बदलाचा हिशेब ठेवणे. या क्षेत्रातले लोक याला रिक्वायरमेंट म्हणतात. आम्ही आपली गरजांची नोंद म्हणू. ही नोंद फसली की काय होते, हे लंडन शहराने १९९२ साली पाहिले. ती हकिकत प्रत्येक शिकणाऱ्या मुलाला आणि मुलीला ठाऊक असावी असे आम्हांस वाटते.

लंडनची रुग्णवाहिका सेवा त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या सेवांपैकी एक होती. सुमारे ६०० चौरस मैलांचा परिसर आणि ६८ लाखांची वस्ती. दररोज २,००० ते २,५०० फोन येत, त्यांतले १,३०० ते १,६०० तातडीचे, म्हणजे ९९९ या क्रमांकावरचे. सारा कारभार कागदावर. फोन घेणारा कर्मचारी पत्ता आणि दुखणे एका छापील फॉर्मवर लिही, नकाशाच्या पुस्तकात जागा शोधी आणि फॉर्म सरकत्या पट्ट्यावर टाकी. पट्ट्याच्या टोकाला दुसरा माणूस बसलेला असे. तो फॉर्म गोळा करी, एकाच अपघाताचे दोन फोन आले असतील तर ते ओळखी आणि विभागवार वाटणी करी. कोणती गाडी मोकळी आहे हे पाहून तिसरा माणूस गाडी ठरवी आणि मग फोनने किंवा बिनतारी यंत्रावरून गाडीला निरोप जाई. शंभरातील पंच्याण्णव वेळा हे सारे ३ मिनिटांत उरकले पाहिजे, असा दंडक होता. त्यात कागद गहाळ होत, पत्ता शोधण्यात वेळ जाई. सुधारणा हवी होती, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते.

एक प्रयत्न आधी होऊन गेला होता. त्यावर ७५ लाख पौंड खर्ची पडले आणि १९९० साली तो सोडून द्यावा लागला. म्हणून वरिष्ठ घाईला आले होते. त्या वर्षाच्या अखेरीपासून फेब्रुवारी १९९१ पर्यंत नव्या यंत्रणेच्या गरजांचा दस्तऐवज तयार झाला. दस्तऐवज चांगला जाडजूड होता. गाडी कशी निवडायची, हे मशीनच ठरवील, असे बारीकसारीक लिहिलेले होते. पण तो लिहिला मोजक्या माणसांनी. प्रत्यक्ष गाडी चालवणारे, रोगी उचलणारे, रात्री-बेरात्री जिने चढणारे कर्मचारी त्यात जवळजवळ नव्हतेच. त्यांच्या प्रतिनिधींना बोलावणे गेले होते, हे खरे. परंतु १९८९-९० मध्ये पगारासाठी ब्रिटनभर रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचा मोठा लढा होऊन गेला होता, वरिष्ठ आणि कामगार एकमेकांकडे संशयाने पाहत होते. अशा वेळी बोलावण्याचे पत्र धाडले म्हणजे विचारले, असे आम्ही तरी मानत नाही. विचारायचे तर त्यांच्या गाडीत जाऊन बसायला हवे होते.

बसले असते तर काय दिसले असते? शहरात अशा जागा होत्या जिथे बिनतारी संदेश पोहोचतच नसे. नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीच गाडी घेऊन निघणे हा रोजचा रिवाज होता. जखमी माणूस समोर तळमळत असताना 'पोहोचलो', 'उचलले', 'निघालो' ही बटणे बरोबर क्रमाने दाबायचे भान सर्वांना राहत नसे. जुन्या पद्धतीत हे सारे माणसे एकमेकांशी बोलून सांभाळून घेत. नव्या यंत्रणेने मात्र असे गृहीत धरले की प्रत्येक गाडी कुठे आहे आणि काय करते आहे, याची खबर तिला सदैव अचूक मिळेल. सारी इमारत या एका गृहीतावर उभी होती आणि ते गृहीत खरे आहे काय, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्यापर्यंत प्रश्न गेलाच नाही!

मुदतीची गोष्टही तशीच. ८ जानेवारी १९९२ ही तारीख वरून ठरून आली होती. टेंडर भरायला आलेल्या अनेक कंपन्यांनी सांगितले की एवढ्या वेळात हे होणार नाही. काम मिळाले ते तारीख आणि कमी किंमत, दोन्ही कबूल करणाऱ्यांना. ठरलेली तारीख उलटून गेली ती गेलीच.

सोमवार, २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण लंडन नव्या यंत्रणेवर घेतले गेले. नियंत्रण कक्षातली माणसांची मांडणी बदलली, कागद बाजूला झाले. हळूहळू मशीनजवळच्या माहितीत चुका साचू लागल्या. एकाच ठिकाणी दोन गाड्या पोहोचत, तर दुसरीकडे एकही नाही. जवळची गाडी उभी आणि लांबची धावते आहे. गडबड झाली की पडद्यावर इशारा येई, पण इशारे इतके झाले की जुने वर सरकून दिसेनासे होऊ लागले. वाट पाहून थकलेले लोक पुन्हा फोन करीत, त्याने फोन आणखी वाढत. दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मे काम हाताने करायचे ठरले. २८ तारखेला सेवेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. ४ नोव्हेंबरच्या पहाटे यंत्रणा पुरती बंद पडली, मदतीला ठेवलेले दुसरे मशीनही उभे राहिले नाही, आणि लंडन पुन्हा कागद-पेन्सिलीवर आले.

वृत्तपत्रांनी मृत्यूंचे आकडे छापले. गाडी उशिरा आल्यामुळेच मृत्यू झाला, असा निष्कर्ष मात्र कोणत्याही न्यायिक तपासात निघाला नव्हता. कामगारांनी मुद्दाम चुकीची बटणे दाबली, असेही आरोप झाले. खाली काम करणाऱ्यावर खापर फोडायची रीत सगळीकडे सारखीच दिसते! फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला. त्यातली एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ऑक्टोबरच्या त्या दोन दिवसांत मशीन तांत्रिक अर्थाने बिघडले नव्हते. ज्या रचनेने बांधले होते तसेच ते बरेचसे वागत होते. रचनेतच घात होता.

अहवालात आणखी एक दोष निघाला. काम चालू असताना कोणी 'एवढे जरा बदलून द्या' म्हटले की कंपनीची माणसे चांगुलपणाने बदलून देत, त्याची रीतसर नोंद होत नसे. एका ठिकाणी टाका घातला की दुसरीकडे शिवण उसवते, आणि कोणी कधी काय बदलले हे सांगता येत नाही.

म्हणून या कामात पडणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही सांगू इच्छितो. 'गाडी लवकर पाठवावी' ही गरजेची नोंद नव्हे, तपासायची कशी? 'फोन आल्यापासून ३ मिनिटांत गाडीला निरोप जावा' असे लिहिले तर घड्याळ लावून पाहता येते. आणि लगेच खाली लिहावे की निरोप पोहोचला नाही तर काय, बटण दाबायचे राहिले तर काय. प्रत्येक गरजेला क्रमांक द्यावा, कोणी सांगितली त्याचे नाव लिहावे. बदल आला तर कोणी मागितला, का मागितला, आणखी कुठे धक्का बसेल आणि मान्य कोणी केला, हे त्याच वहीत. आणि साहेबांशी बोलून झाले की शिपायाशी, ड्रायव्हरशी, खिडकीवर बसणाऱ्या बाईशी बोलावे. ज्या घरांतून आपली मुले आली आहेत, त्या घरांत ही माणसे आहेत. त्यांच्याशी बोलायला आपल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. संकोच तेवढा टाकला पाहिजे.

लंडनने पुढे काय केले, तेही ऐका. नव्या प्रमुखांनी यंत्रणा बाहेरून न घेता घरातच बांधायला घेतली. या खेपेस वरून लादलेली तारीख नव्हती. अर्धवट तयार झालेले पडदे नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्यांपुढे मांडले जात, ते हे नको, ते इकडे हवे असे सांगत, आणि पडदा बदलून पुन्हा त्यांच्यापुढे येई. सगळे एकदम सुरू करण्याचा हट्ट सोडला. १७ जानेवारी १९९६ रोजी सुरुवात झाली ती फक्त फोन घेण्याच्या कामापासून. ते अंगवळणी पडल्यावर एकेक जोड देत गेले. त्या यंत्रणेला १९९७ साली ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचे पारितोषिक मिळाले.