शेफिल्डच्या सुऱ्या आणि त्या घडवणारे हात

जुनी सुरी हातात घेऊन मुठीजवळ नीट पाहिले, तर पात्यावर बारीक अक्षरांत एखाद्या गावाचे नाव उमटवलेले आढळते. इंग्रजी आमदानीत मुंबईच्या बाजारात विलायतेहून जे चाकू, सुऱ्या आणि वस्तरे येत, त्यांतल्या पुष्कळांवर ‘शेफिल्ड’ हे नाव असे. हे शहर उत्तर इंग्लंडमध्ये आहे आणि तिथे आजही सुऱ्या बनतात. पण असे काम चालू राहते म्हणजे नेमके काय चालू राहते? कारखान्याचे नाव, की कारागिराच्या हातातली विद्या? शेफिल्डच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

शेफिल्डमध्ये सुऱ्या करणाऱ्याची पहिली नोंद १२९७ सालच्या कराच्या यादीत आहे. डोंगरांतून खाली येणाऱ्या पाच नद्यांवर पाणचक्क्या चालत आणि पाती घासायला लागणारा वालुकादगड जवळच्या टेकड्यांत मिळे. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने कारागिरांची एक मंडळी स्थापन झाली. उमेदवारी किती वर्षे करायची आणि कोणी कोणती छाप वापरायची, हे ती ठरवी. ही मंडळी आजही आहे.

१७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी या भागात आला. घड्याळाच्या स्प्रिंगा चांगल्या होत नाहीत म्हणून त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत शोधली. त्या पोलादामुळे शेफिल्डच्या धारेचे नाव जगभर झाले.

एक सुरी अनेक हातांतून जाई. एक जण भट्टीत तापवून हातोड्याने पाते घडवी. मग पात्याला ‘पाणी देत’, म्हणजे लालबुंद तापवून एकदम गार करत. त्याने पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा बेताची ऊब द्यावी लागते. त्यानंतर दुसरा कारागीर फिरत्या दगडावर पाते घासून धार काढी आणि तिसरा मूठ बसवी. जपानमध्ये ओसाकाजवळच्या साकाई गावी आजही घडवणारा, घासणारा आणि मूठ बसवणारा असे वेगवेगळे कारागीर असतात.

यांतले घासण्याचे काम जिवावरचे होते. दगडाची आणि लोखंडाची धूळ फुप्फुसांत जाऊन बसे. कोरड्या दगडावर काटे घासणारी माणसे तर फार लवकर मरत. ज्या धारेचे आपण कौतुक करतो, तिची ही किंमत विसरता कामा नये.

१९१३ साली याच शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवे पोलाद शोधत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले त्यांचे पोलाद आम्लाने खराब होत नाही, असे दिसून आले. हेच आपले स्टेनलेस स्टील. सुरुवातीला गावातल्या कारागिरांनी त्यांची थट्टा केली, की या माणसाने न कापणाऱ्या सुऱ्या शोधून काढल्या! थट्टेत थोडे तथ्यही होते. आपल्या विळीचे जुने पाते गंजत असे, काळे पडत असे, पण त्याला धार चटकन लागे. साध्या पोलादाच्या सुरीचेही तसेच आहे. तिला वापरल्याबरोबर धुऊन कोरडे पुसावे लागते, एवढेच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून स्वस्त माल येऊ लागला आणि शेफिल्डचे कारखाने एकामागून एक बंद पडले. काही प्रसिद्ध नावे दुसऱ्या कंपन्यांनी विकत घेतली. नाव विकत मिळते, पण हातातली विद्या तशी मिळत नाही.

शेफिल्डमध्ये छोटी खोली भाड्याने घेऊन स्वतंत्रपणे काम करणारे कारागीर असत. त्यांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्यांतले नामवंत स्टॅन शॉ चौदाव्या वर्षी कामाला लागले, आयुष्यभर खिशातले चाकू घडवत राहिले आणि २०२१ मध्ये नव्वदी ओलांडून वारले.

कात्र्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. कात्रीची दोन पाती जुळवणारा कारागीर ती डोळ्याच्या अंदाजाने आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी किंचित वाकवतो. त्यामुळे कापताना पाती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात. हे शिकायला पाच वर्षे तरी लागतात. १९०२ पासून चालत आलेला ‘अर्नेस्ट राइट’ हा कात्र्यांचा कारखाना २०१८ मध्ये बंद पडला. तेव्हा हॉलंडच्या दोघांनी तो घेतला. त्यांनी सर्वांत महत्त्वाचे काय केले, तर जुन्या वयस्कर कारागिरांना परत बोलावले आणि त्यांच्या हाताखाली तरुण माणसे शिकायला ठेवली. तसेच, जिथे पहिल्या स्टेनलेस सुऱ्या बनल्या, ती ‘पोर्टलंड वर्क्स’ ही इमारत २०१३ मध्ये गावातल्या शेकडो लोकांनी पैसे जमवून विकत घेतली. त्यामुळे तिथल्या कारागिरांच्या खोल्या वाचल्या.

इतरत्रही जुनी घराणी टिकून आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १८८४ साली सुरू झालेली व्हिक्टोरिनॉक्स आणि फ्रान्सच्या सव्हॉय भागात १८९० पासूनचे ओपिनेल ही त्यांतली दोन. त्यांनी यंत्रे आणली आणि माल स्वस्त ठेवला. शेफिल्डच्या छोट्या कारागिरांना तो मार्ग नव्हता. त्यांना तारणारी गोष्ट एकच : जाणत्याने सांगणे आणि नवख्याने शेजारी बसून शिकणे. जाणता माणूस हयात आहे तोवरच हे होऊ शकते. ही गोष्ट सुरीपुरती नाही, हे वडीलधाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको.