वाघामागचं रान

(लेखमाला : बोरचं रान – भाग ५)

वर्धा जिल्ह्यातल्या बोरधरणला सफारी करून आलेल्यांच्या मोबाइलमध्ये वाघ असतो, नाहीतर अस्वल, सांबर. मागचं साग-तेंदूचं रान धूसर. त्या रानाची ओळख आपण मागच्या भागात करून घेतली. प्राण्यांऐवजी अशा मागच्या भूमीचेच फोटो काढण्यात आयुष्य घालवलेल्या अमेरिकेच्या अॅन्सेल अॅडम्स यांच्याबद्दल आज लिहायचं आहे.

१९०२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले अॅडम्स १४ व्या वर्षी घरच्यांबरोबर योसेमिटीच्या दरीत गेले. तिथेच त्यांच्या हाती साधा ब्राउनी कॅमेरा आला. व्हायचं होतं पियानोवादक, पण डोंगरांनी त्यांना सोडलं नाही.

१० एप्रिल १९२७. जड कॅमेरा नि काचेच्या प्लेटा घेऊन ते बर्फातून चढत योसेमिटीतल्या हाफ डोमच्या कड्यासमोर पोचले, तेव्हा दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली पिवळा फिल्टर लावून घेतली. लगेच जाणवलं, आकाश फिकट येणार, कड्याचा दरारा उतरणार नाही. शेवटच्या प्लेटीसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा उजेड अडवते, त्यामुळे कृष्णधवल फोटोत आकाश जवळजवळ काळं येतं. त्या काळोखापुढे कडा अंगावर आल्यासारखा उभा राहिला. फोटो कागदावर कसा दिसेल हे आधी मनात पाहायचं, ही त्यांची रीत इथे पक्की झाली.

त्यांच्या अशा फोटोंनी पुढे जंगल राखायलाही हातभार लावला. सिएरा क्लब ही संस्था किंग्ज कॅन्यन या दरीच्या संरक्षणासाठी झगडत होती. १९३६ मध्ये अॅडम्स फोटो घेऊन वॉशिंग्टनला गेले, खासदारांना भेटले. १९३८ चं त्यांचं सिएरा नेवाडाचं पुस्तक मंत्री हॅरॉल्ड इकीस यांच्यामार्फत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोचलं. १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. लढा अनेकांचा होता, पण न पाहिलेली दरी निर्णय घेणाऱ्यांना फोटोंनीच दाखवली.

आता आपल्याकडे या. बोर १९७० मध्ये अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. वयात आलेल्या वाघाला इथून बाहेर पडावंच लागतं. त्याची वाट नाल्याकाठच्या झाडीतून, कास्तकारांच्या धुऱ्यांवरून आणि झुडपी जंगलातून जाते. महसुली दप्तरातल्या या झुडपी जमिनी वनजमीनच मानाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं. तरी पाहणाऱ्याला त्या पडीकच वाटतात, आणि पडीक जमिनीसाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही.

म्हणून वर्धेच्या कॅमेरेवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या गावाजवळचा असा एक पट्टा निवडा. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, हिवाळ्यात त्याच जागेवरून त्याचा फोटो घ्या. तारीख, गाव, सर्व्हे नंबर लिहून ठेवा. उद्या तिथे मुरमाची खदान निघाली, तर ‘इथे काय होतं?’ या प्रश्नाला ग्रामसभेत दाखवायला उत्तर हातात असेल.

(पुढच्या भागात : झुडपी जंगल म्हणजे नेमकं काय?)