जपानी बालगीतांतील वसंत

जपानमध्ये फेब्रुवारीच्या आरंभापासून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुलांच्या तोंडी जी गाणी असतात, ती ऐकणारास एका प्राचीन व अखंड परंपरेची वाणी वाटतात. साकुराचा बहर, ओहोळाचे पाणी, फुलपाखरू, पिवळी शेते, चहाची कोवळी पाने ह्यांचे उल्लेख त्यांत वारंवार येतात. चाली सोप्या आणि शब्द थोडके असल्यामुळे ही गाणी ऋतूबरोबर आपोआप उगवली असावीत, असा समज सहज होतो. परंतु त्यांचा जन्मकाळ, चालींचे मूळ आणि शब्दांत वेळोवेळी झालेले फेरफार तपासले असता निराळे चित्र दिसते. आज प्रचलित असलेली बहुतेक वसंतगीते १८८० नंतरची आहेत. काहींच्या चाली युरोपातील आहेत, अनेक गीते शिक्षण मंत्रालयाच्या समितीने सिद्ध केलेली आहेत, आणि ज्या वसंताचे ती वर्णन करतात त्याचा काही भाग आता प्रत्यक्षात उरलेला नाही. म्हणून ह्या गीतांकडे केवळ बालरंजन म्हणून न पाहता अर्वाचीन जपानच्या सामाजिक इतिहासाची साधने म्हणून पाहणे उचित ठरते.

जपानी बालगीतांचे सामान्यतः तीन वर्ग करतात. मुलांनी खेळता खेळता पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेली, कर्ता अज्ञात असलेली गीते म्हणजे ‘वाराबेउता’. शाळेत शिकविण्यासाठी मुद्दाम रचलेली गीते म्हणजे ‘शोका’. १९१८ नंतर कवींनी व संगीतकारांनी कलादृष्टीने मुलांसाठी निर्माण केलेली गीते म्हणजे ‘दोयो’. वसंताचे दर्शन तिन्ही वर्गांत घडते. पण प्रत्येकातील वसंत सारखा नाही.

वाराबेउतांत ऋतूचे वर्णन असे फारसे नसतेच. तेथे ऋतू हे खेळाचे निमित्त असते. ‘हिराइता हिराइता’ ह्या गीतात मुले हात धरून रिंगण करतात. फूल उमलले म्हणताना रिंगण मोठे होते आणि मिटले म्हणताना आत आक्रसते. येथे शब्द, चाल आणि शरीराची हालचाल परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत. ह्या गीतांच्या स्वररचनेचा पद्धतशीर अभ्यास कोइझुमी फुमिओ (१९२७–१९८३) ह्या संगीतशास्त्रज्ञाने केला. जपानी पारंपरिक संगीतावरील त्याचा मुख्य ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला, त्या सुमारास तो भारतात राहून भारतीय संगीताचे अध्ययन करीत होता. तोक्योतील मुलांच्या गीतांवरील सामूहिक संशोधन त्याच्या संपादनाखाली १९६९ साली प्रसिद्ध झाले. सप्तकाऐवजी चतुःस्वरी अंतर हा घटक धरावा, त्याच्या दोन्ही टोकांचे स्वर स्थिर मानावेत, आणि मधला स्वर कोठे पडतो त्यावरून स्वरमालेचे प्रकार ठरवावेत, हे त्याच्या उपपत्तीचे सार. ह्या पद्धतीने पाहता पुष्कळशी वाराबेउता केवळ दोन किंवा तीन लगतच्या स्वरांवर उभी असल्याचे आढळते. दोनच स्वर असल्यास गीत बहुधा वरच्या स्वरावर विसावते, तीन असल्यास मधल्यावर. मुलांचे गाणे हे मोठ्यांच्या गाण्याचे अपुरे अनुकरण नसून त्याला स्वतःचे नियम आहेत, ही गोष्ट ह्यामुळे स्पष्ट झाली.

‘साकुरा साकुरा’ हे गीत परदेशात जपानी लोकगीत म्हणून सर्वांत अधिक परिचित आहे; परंतु त्यास वाराबेउतांत घालणे योग्य नाही. त्याची घडण कोतो ह्या तंतुवाद्याच्या प्राथमिक शिक्षणातील पाठाची आहे. तोक्यो संगीत विद्यालयाने १८८८ साली काढलेल्या कोतो-संगीताच्या संग्रहात ते छापले गेले आणि तेथून त्याचा प्रसार झाला. त्याची स्वरमाला ‘मियाकोबुशी’, म्हणजे ‘नगरातील चाल’ ह्या नावाने ओळखली जाते. ज्या स्वरावर गीत संपते तो षड्ज मानल्यास तीत कोमल ऋषभ, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल धैवत येतात. गुणक्री रागाचे स्वर हेच होत. अर्थात स्वर सारखे असले तरी चलन निराळे असल्याने येथे रागसाम्य मानता येत नाही. ज्या गीतास ग्रामीण वसंताचा उद्गार समजतात, ते मुळात नागर संगीताचे अपत्य आहे, एवढेच ह्यावरून लक्षात घ्यावयाचे.

शालेय गीतांचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. १८७२ च्या शिक्षणविषयक आदेशात प्राथमिक शाळेच्या विषयांत गायनाचा समावेश होता. परंतु पुढे ‘तूर्त वगळावे’ अशी पुस्ती जोडलेली होती. शिक्षक नव्हते, पुस्तके नव्हती, आणि दरबारी, नागर व लोकसंगीत ह्यांपैकी कोणते मुलांना शिकवावे ह्याविषयी एकमत नव्हते. १८७९ साली शिक्षण मंत्रालयाने संगीतविषयक संशोधनासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले व इसावा शूजी ह्यास त्याचे प्रमुख नेमले. पौर्वात्य व पाश्चात्त्य संगीताचा समन्वय करून नवे राष्ट्रीय संगीत घडविणे हा त्याचा उद्देश होता. बॉस्टनच्या शाळांत संगीत शिकविणारा ल्यूथर व्हायटिंग मेसन १८८० मध्ये निमंत्रणावरून जपानात आला, आणि ‘शोगाकु शोकाशू’ हा प्राथमिक शाळांसाठीचा गीतसंग्रह १८८१ ते १८८४ ह्या काळात तीन भागांत निघाला.

ह्याच संग्रहात ‘चोचो’ हे फुलपाखराचे गीत आहे. त्याची चाल जर्मन बालगीत ‘हेन्शेन क्लाइन’ ह्याची असली तरी जपानात ती दीर्घकाळ स्पॅनिश म्हणून नोंदली जात होती. पहिल्या कडव्याचे शब्द मात्र आइची प्रांतातील मुलांच्या जुन्या गीतावरून नोमुरा आकितारी ह्या विद्वानाने बेतले होते. देशी खेळगीत, जर्मन चाल आणि सरकारी पुस्तक अशा तीन धाग्यांनी विणलेले हे गीत आज जपानी मुलास सर्वस्वी आपले वाटते. मूळ शब्दांत साकुराच्या बहराबरोबर सम्राटाच्या भरभराटीच्या राजवटीचाही उल्लेख होता. १९४७ साली तो काढून त्या जागी फुलपाखराचे एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाणे आले. चाल तीच राहिली, फुलपाखरूही तेच राहिले. बदलले ते राज्यव्यवस्थेचे स्वरूप.

परकीय चालींवर विसंबून राहण्याचा काळ १९१० नंतर संपत आला. त्या वर्षी मंत्रालयाने पाठ्यपुस्तकांतील कवितांचा गीतसंग्रह काढला, आणि १९११ ते १९१४ ह्या काळात प्रत्येक इयत्तेस एक असे ‘जिंजो शोगाकु शोका’ चे सहा भाग सिद्ध केले. ‘हारु गा किता’ (वसंत आला, १९१०), ‘हारु नो ओगावा’ (वसंतातील ओहोळ, १९१२) आणि ‘ओबोरोझुकियो’ (धूसर चंद्राची रात्र, १९१४) ही तीन प्रसिद्ध वसंतगीते ह्याच प्रयत्नाची फळे होत. समितीने एकत्र विचाराने गीते संमत करावयाची असल्यामुळे पुस्तकांत कर्त्यांची नावे छापली गेली नाहीत. ह्या तिन्ही गीतांच्या शब्दांचे श्रेय ताकानो तात्सुयुकी (१८७६–१९४७) ह्यास आणि चालींचे श्रेय ओकानो तेइइची (१८७८–१९४१) ह्यास देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. पहिला नागानो प्रांतातील खेड्यात वाढलेला साहित्याभ्यासक, दुसरा तोत्तोरी येथील ख्रिस्ती आणि प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजविणारा संगीतज्ञ होता.

‘हारु नो ओगावा’ ची चाल सप्तकातील चौथा व सातवा स्वर वगळून बांधलेली आहे. ह्या स्वरमालेस ‘योनानुकी’ म्हणतात, आणि तिचे पाच स्वर भूप रागाचेच आहेत. पाश्चात्त्य स्वरमालेतील हे दोन स्वर जपानी कानास व कंठास अपरिचित होते. ते टाळल्याने नवे संगीत नवे राहूनही मुलांना गाता येऊ लागले. इसावाने अपेक्षिलेला समन्वय बऱ्याच अंशी येथे साधला. ह्या गीताच्या शब्दांचे भाग्य मात्र स्थिर राहिले नाही. मूळ शब्द ग्रांथिक भाषेत होते. १९४२ साली हे गीत चौथ्या इयत्तेतून तिसरीत आणले गेले. त्या इयत्तेत ग्रांथिक भाषा शिकवीत नसल्यामुळे हायाशी र्यूहा ह्याने शब्द बोलभाषेत आणले, आणि युद्धानंतर १९४७ मध्ये त्यांत पुन्हा बदल झाला. एकाच गीताचे आजोबांचे शब्द वेगळे आणि नातवाचे वेगळे, अशी स्थिती ह्यामुळे उत्पन्न झाली.

शालेय गीते उपदेशपर व भाषेने जड आहेत, असा आक्षेप घेऊन सुझुकी मिएकिची ह्याने १९१८ साली ‘आकाई तोरी’ हे मासिक सुरू केले. किताहारा हाकुशूसारखे श्रेष्ठ कवी त्यात लिहू लागले, आणि त्यातूनच दोयोची चळवळ वाढली. ह्या काळातील ‘हारु यो कोइ’ (वसंता, ये, १९२३) हे गीत सोमा ग्योफू ह्याचे असून चाल हिरोता र्यूतारो ह्याची आहे. ग्योफू हा निइगाता प्रांतातील इतोइगावाचा. जपानी समुद्रावरील तो प्रदेश हिवाळ्यात बर्फाखाली असतो. गीतातील मूल नुकतेच चालू लागले आहे आणि त्याला अंगणात जाण्याची घाई आहे. शालेय गीतांत वसंत येऊन ठेपलेला असतो; येथे तो अद्याप यावयाचा आहे. दोहोंतील हा फरक केवळ कल्पनेचा नव्हे, तर दृष्टीचा आहे. पहिल्यात मुलाला निसर्ग दाखविला जातो, दुसऱ्यात मुलाच्या डोळ्यांनी तो पाहिला जातो.

३ मार्चच्या बाहुल्यांच्या सणाचे ‘उरेशिइ हिनामात्सुरी’ (१९३६) हे गीत दोन कारणांनी लक्षणीय आहे. शीर्षकात आनंद असूनही त्याची चाल करुण वळणाची आहे. दुसरे असे की, मांडणीतील राजपुरुष व राणी ह्या दोघांना मिळून असलेले नाव कवी सातो हाचिरो ह्याने एकट्या पुरुष-बाहुलीस लावले. ही चूक जाणकारांनी दाखवून दिली. तथापि गीत इतके लोकप्रिय झाले की चुकीचा प्रयोगच रूढ झाला. ह्या सणाचे फूल पीच वृक्षाचे. जपानने १८७३ पासून सौर कालगणना स्वीकारल्यामुळे जुन्या तिसऱ्या महिन्यातील सण आता ऋतूच्या आधी येऊ लागला. म्हणून गीतातील फूल बागेत उमलण्यापूर्वीच घरात आणावे लागते.

महायुद्धानंतर नभोवाणी हे बालगीतांचे नवे घर झाले. १९५१ साली प्रसारित झालेले ‘मेदाका नो गाक्को’ हे त्या काळचे प्रातिनिधिक गीत होय. शब्द चाकी शिगेरू ह्याचे, चाल नाकादा योशिनाओ ह्याची. मेदाका हा भातशेतीच्या पाटांत थव्याने राहणारा इवलासा मासा. त्या थव्यास मुलांची शाळा कल्पिले आहे. जपानचे शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने वसंत आणि शाळा ही जोडी तेथील मुलाच्या मनात स्वाभाविकच एकत्र असते. पुढे शेतांची पुनर्रचना झाली, पाटांना सिमेंटचे काठ आले, कीटकनाशके पसरली. १९९९ साली पर्यावरण खात्याच्या संकटग्रस्त जातींच्या सूचीत मेदाकाचा समावेश करावा लागला.

ह्या विवेचनातून अभ्यासकास काही सावधगिरीच्या सूचना मिळतात. गीत सोपे आहे म्हणून ते जुने असेलच असे नाही. छापलेले शब्द हे अनेक आवृत्त्यांपैकी एका आवृत्तीचे असतात. म्हणून गीताचा उल्लेख करताना कोणत्या सालचा पाठ अभिप्रेत आहे ते सांगितले पाहिजे. कर्त्याचे नाव नसणे म्हणजे लोकनिर्मिती नव्हे. ‘च्यूरिप्पु’ हे ट्यूलिप फुलांचे गीत १९३२ सालच्या संग्रहात निनावी निघाले, आणि ते कोन्दो मियाको ह्या बाईंचे असल्याचे १९९३ साली तोक्यो उच्च न्यायालयाच्या निर्णयाने मान्य झाले.

‘हारु नो ओगावा’ आजही तिसऱ्या इयत्तेच्या ठराविक गीतांत आहे. ताकानो तोक्योच्या योयोगी भागात राहत असे, आणि तेथील कोहोने नावाचा ओहोळ हाच ह्या गीताचा विषय असल्याचे मानले जाते. १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या सुमारास तो जमिनीखाली बंदिस्त करण्यात आला. रेल्वेमार्गालगत त्याच्या जागी गीताचा स्मारकशिलालेख आहे. पाणी कोठेही दृष्टीस पडत नाही. तेथील मुलांना तो ओहोळ आता गीतातूनच ठाऊक होतो.