जिंकला तो हरला?

'गेद्दव सोत, सोतव सत्त.' कोर्टाच्या भानगडीबद्दलची ही कन्नड म्हण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. जिंकला तो हरला आणि हरला तो मेला!

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एक मुलगी दोन दिवस आली नाही. विचारले तर म्हणाली, "सर, आईची तारीख होती." वाटणीच्या दाव्याचे अपील. जोयड्याहून अणशी घाट उतरून कारवारचे जिल्हा न्यायालय गाठायचे आणि पुन्हा घाट चढून घरी यायचे. फीसाठी त्या माउलीने बोरमाळ गहाण ठेवली होती.

खर्च नुसत्या फीचाच नसतो. बेंगळूरच्या 'दक्ष' संस्थेने २०१६ मध्ये देशभरातील पक्षकारांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवाणी दाव्यात एका तारखेला हजर राहायचा सरासरी खर्च ४९७ रुपये आणि बुडालेली कमाई ८४४ रुपये निघाली.

असे अभ्यास कपाटात धूळ खात पडतात, असे आपण म्हणतो. पण १९८८ मध्ये विधी आयोगाने आपल्या १३१ व्या अहवालात वकिलांच्या फीचा प्रश्न मांडला होता. २०१७ मध्ये तेलंगणातील एका महिलेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. पती अपघातात गेलेला; भरपाईतील टक्केवारीपोटी वकिलाने तिच्याकडून चेक घेतलेला. तो वटला नाही म्हणून तिच्यावरच खटला! न्यायालयाने त्या जुन्या अहवालाची दखल घेतली, खटला रद्द केला आणि निकालाच्या रकमेत वकिलाने वाटा ठरवणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे बजावले.

सगळेच वकील असे नसतात. गरिबाची केस फुकट लढवणारेही आहेत. तरीही फी आधी ठरवावी, पावती मागावी, त्यात संकोच कसला?

आणखी एक. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. 'जिल्हा कानूनु सेवेगळ प्राधिकार' अशी पाटी दिसली की आत जाऊन विचारावे, किंवा १५१०० वर फोन करावा.

त्या आईला हे कुणी सांगितलेच नव्हते. आता तिने अर्ज केला आहे. बोरमाळ अजून सुटायची आहे. पण दुसरा दागिना पेटीतच राहील, एवढी आशा आहे.