भाषेचा अभ्यास : तोट्याचा सौदा नव्हे

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत चर्चा सुरू होते. सी. ए., अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, नाहीतर बी. कॉम. करून दुकानाची गादी. अशा वेळी एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मला भाषाविज्ञान आणि तौलनिक साहित्य शिकायचे आहे’ असे म्हटले, तर वडीलधारी मंडळी क्षणभर स्तब्ध होतात. ‘त्याने पोट भरेल का?’ हा पहिला प्रश्न. प्रश्न गैर नाही. सारी हयात बँकेत, आकड्यांच्या सहवासात घालविलेल्या माझ्यासारख्यालाही तो सुचतोच. परंतु सौदा नाकारण्यापूर्वी माल पाहावा, हा व्यापाराचा नियम येथेही पाळला पाहिजे.

भाषाविज्ञान म्हणजे अनेक भाषा बोलता येणे नव्हे. ध्वनी कसे उच्चारले जातात, शब्द कसे घडतात, वाक्याची रचना कशी होते, अर्थ कसा बदलतो आणि एक भाषा दुसरीच्या सहवासात कशी पालटते, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे भाषाविज्ञान. तौलनिक साहित्य एकच कथा वा विचार निरनिराळ्या भाषांत कोणती रूपे घेतो, हे शोधते.

या दोन्ही विद्या आपल्याला परक्या नाहीत. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात बाजारपेठेचे एक वर्णन आहे. गुर्जर, लाट, मालव, कर्नाटक, आंध्र, महाराष्ट्र अशा प्रदेशांतून आलेले व्यापारी आपापल्या बोलीत सौदा करीत आहेत आणि ग्रंथकार प्रत्येकाच्या बोलीची खूण टिपून ठेवतो. मरहट्ट व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याने घातलेल्या शब्दांत जो लकार ऐकू येतो, तोच आजच्या ‘दिले’, ‘घेतले’ या रूपांत आहे. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी. १९०६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे जन्मलेल्या या विद्वानाने १९३० ते १९६२ या काळात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन केले. सीमाभागातील जैन घरातला एक मुलगा भाषेच्या अभ्यासाने विद्वज्जगतात कोठवर पोहोचला, याचे हे उदाहरण.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातीलच. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील ‘कुपवार’ हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आज भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जगभर परिचित आहे. तेथील जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, तर इतर काही समाजांत मराठी बोलली जात असे. शतकानुशतकांच्या शेजारामुळे या भाषांचे शब्द वेगळे राहिले. पण वाक्याचा साचा जवळजवळ एक झाला. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसते. म्हणून तेथील मराठीत ‘नदी आली’ ऐवजी नपुंसकलिंगी रूप येऊ लागले. आपण ज्याला ‘अशुद्ध’ म्हणून हसतो, त्यामागे नियम असतो. जत तालुक्यातील खातेदारांशी व्यवहार करताना तशी मराठी मी अनेकदा ऐकली आहे.

तौलनिक साहित्याचे उदाहरण तर आपल्या स्वाध्यायातच आहे. भगवान आदिनाथांचे चरित्र जिनसेनाचार्यांनी नवव्या शतकात संस्कृतात रचले, पंपाने इ. स. ९४१ मध्ये कन्नडमध्ये, तर पुष्पदंताने इ. स. ९६५ मध्ये पूर्ण केलेल्या ‘महापुराणा’त अपभ्रंशात. कथा एकच, पण राजसभा, श्रोते आणि भाषा बदलताच भरत-बाहुबलींच्या प्रसंगाला निराळा रंग चढतो. तो का चढतो, हे शोधणे हाच या विषयाचा अभ्यास.

आपल्या भागाला या विद्येची परंपराही आहे. १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. तेथे संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या डॉ. प. ल. वैद्य यांनी १९२८ मध्ये हेमचंद्राचार्यांच्या प्राकृत व्याकरणाची आवृत्ती प्रसिद्ध केली. कन्नडचे थोर साहित्यिक वि. कृ. गोकाक आणि रं. श्री. मुगळी यांनीही तेथे अध्यापन केले. त्याच १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. कुंभोजच्या जैन घरातल्या या पुरुषाने शिक्षणाची किंमत केवळ पगारात मोजली नाही.

आता व्यवहाराचे बोलू. पदवी स्तरावर तौलनिक साहित्य शिकवणारे देशातील जुने केंद्र म्हणजे कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ. तेथील विभाग १९५६ पासून चालू आहे. भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज प्रसिद्ध आहे. इतक्या दूर पाठविणे शक्य नसेल, तर जवळच्या महाविद्यालयात मराठी, संस्कृत वा इंग्रजी घेऊन पदवी करावी आणि पुढे भाषाविज्ञानाकडे वळावे. प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेत भाषाविज्ञान, तौलनिक साहित्य आणि प्राकृत हे तिन्ही विषय आहेत. त्याखेरीज अनुवाद, कोशकार्य, प्रकाशन आणि संगणकाला भारतीय भाषा शिकविण्याचे काम ही क्षेत्रे आहेत.

मात्र सी. ए. झालेल्या मुलाइतकी मिळकत आरंभी होईल, असे मी सांगणार नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात आणि व्याज त्याआधीच साचू लागते. या शाखेत स्थिरावण्यास वेळ लागतो. म्हणून कर्ज शक्य तितके लहान ठेवावे आणि पदव्युत्तर शिक्षणासकट पाच वर्षांची तरतूद आधीच करावी. दुकान सांभाळणारा दुसरा भाऊ असेल, तर घराने ही जोखीम अवश्य घ्यावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा मिळाला, पण वाचणारे कोठून येणार? आपल्या मंदिरांच्या भांडारांतील हस्तलिखिते, कपाटातील मोडी चोपड्या, आजीच्या तोंडची घरगुती बोली, हे आपले भांडवल पडून आहे. ते समजणारी माणसे घरातूनच तयार व्हायला हवीत. तेव्हा यंदा कोणी हा विषय मागितला, तर निदान त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, खर्चाचा आकडा कागदावर मांडावा आणि मगच हो किंवा नाही म्हणावे.